शोधनिबंधांची संख्या आणि आपली औषधाची गोळी

‘या शास्त्रज्ञांचे शेकडो शोधनिबंध प्रसिद्ध असून जगभर त्यांचे हजारो संदर्भ दिले जातात.’ जाहिरातीत किंवा मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात हे वाक्य अलीकडे वारंवार भेटते. त्यापाठोपाठ येते ते प्रतिकारशक्ती वाढविणारे एखादे चूर्ण वा गोळी. आकडे मोठे असले की मन सहज विश्वास ठेवते. म्हणूनच या आकड्यांवर किती विसंबावे, हे ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी वाहणाऱ्यांनी समजून घेतले पाहिजे.

संशोधक आपल्या निबंधात आधीच्या ज्या कामाचा आधार घेतो, त्याचा उल्लेख शेवटच्या यादीत करतो. हा उल्लेख म्हणजेच संदर्भ. अशा संदर्भांची पद्धतशीर सूची अमेरिकेतील युजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये सुरू केली. पुढे २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. हा निर्देशांक ४० असणे म्हणजे त्या व्यक्तीच्या किमान ४० निबंधांना प्रत्येकी ४० किंवा अधिक संदर्भ मिळालेले असणे. एखाद्याच्या कामाची दखल इतरांनी किती घेतली, एवढेच हे आकडे सांगतात.

जपानमधील रोगप्रतिकारशास्त्रज्ञ शिमोन साकागुची यांचे उदाहरण पाहू. नवजात उंदराची थायमस ही ग्रंथी तिसऱ्या दिवशी काढली, तर त्याची प्रतिकारशक्ती दुबळी पडण्याऐवजी त्याच्याच अवयवांवर तुटून पडते, असे जपानी संशोधकांना आढळले होते. साकागुची यांनी अशा उंदरांना निरोगी उंदरांच्या टी पेशी दिल्या, तेव्हा आजार टळला. म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्याही काही पेशी शरीरात असल्या पाहिजेत. मात्र काळ प्रतिकूल होता. अशा ‘दमनकारी’ पेशींची कल्पना १९७०च्या दशकात गाजली होती, पण तिचे पुरावे टिकले नाहीत आणि १९८०च्या दशकात हा विषय बदनाम झाला. बहुतेकांनी त्याकडे पाठ फिरविली. साकागुची मात्र चिकाटीने काम करीत राहिले.

१९९५ मध्ये त्यांनी पत्नी नोरिको आणि अन्य सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. पृष्ठभागावर ‘सीडी-२५’ नावाची खूण असलेल्या टी पेशी हा आवर घालतात, असे त्यात दाखविले होते. तरीही शंका पूर्णपणे मिटल्या नाहीत. २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ‘फॉक्सपी-३’ या जनुकातील दोषामुळे उंदरांना आणि लहान मुलांनाही स्वतःच्याच शरीरावर उलटणारा गंभीर आजार होतो, हे उघड केले. या दोन शोधांची सांगड २००३ मध्ये बसली. त्यानंतर १९९५च्या त्या निबंधाला संदर्भांचा ओघ लागला. संदर्भांच्या आधारे नोबेलच्या संभाव्य मानकऱ्यांची यादी काढली जाते, तिच्यात २०१५ मध्ये साकागुची यांचे नाव आले. प्रत्यक्ष नोबेल मिळाले २०२५ मध्ये, ब्रन्को आणि रॅम्सडेल यांच्यासमवेत. तेव्हा साकागुची ७४ वर्षांचे होते.

वाचकहो, यातून काय दिसते? काम खरे असले, तरी आकडे उशिरा वाढू शकतात. ब्रन्को यांच्या निबंधांची यादी तर साकागुची यांच्या यादीच्या तुलनेत अगदीच लहान आहे. तरी मान समान मिळाला. याच्या उलटही घडते. लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा अँड्र्यू वेकफील्ड यांचा १९९८चा निबंध केवळ १२ मुलांवर बेतलेला होता. तो २०१० मध्ये नियतकालिकाने मागे घेतला. त्यालाही विपुल संदर्भ मिळाले, पण त्यांतील बरेचसे तो खोडून काढण्यासाठी दिलेले होते. गणतीत मात्र स्तुती आणि खंडन दोन्ही सारखेच मोजले जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. साकागुची यांच्या शोधाला एवढी मान्यता मिळूनही या नियामक पेशींवर आधारलेले उपचार अजून प्रामुख्याने चाचण्यांच्या टप्प्यावर आहेत. उंदरापासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची वाट अशी लांबलचक असते. मग ‘जगप्रसिद्ध संशोधनावर आधारित’ म्हणून घरपोच मिळणाऱ्या डब्याबद्दल थोडा संशय बाळगणे योग्यच नव्हे काय?

या शोधाचा खरा धडा तर जाहिरातींच्या नेमका विरुद्ध आहे. प्रतिकारशक्ती म्हणजे नुसती वाढवीत न्यायची गोष्ट नव्हे. गाडीला वेगाइतकीच ब्रेकचीही गरज असते. रुमॅटॉइड संधिवातात आणि थायरॉइडच्या काही विकारांत प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटलेली असते. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणारे किंवा मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेले रुग्ण तर ती आवरण्यासाठीच औषधे घेत असतात. त्यांनी प्रतिकारशक्ती वाढविण्याच्या नावाखाली काहीही परस्पर घेणे धोक्याचे ठरू शकते. चालू गोळी स्वतःहून बंद करणे त्याहूनही धोक्याचे.

एखाद्या औषधामागे ‘संशोधन’ असल्याचे कोणी सांगितले, तर चार प्रश्न अवश्य विचारावेत. संशोधन नेमक्या याच औषधावर झाले आहे काय? ते माणसांवर झाले की प्राण्यांवर? त्यात आपल्या वयाचे आणि आपल्यासारखे आजार असलेले लोक होते काय? सांगणाऱ्याचा त्या विक्रीत लाभ आहे काय? समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर पैसे खर्च करू नयेत.

त्याऐवजी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, मधुमेह आटोक्यात ठेवावा, पुरेशी प्रथिने घ्यावीत आणि झोप सांभाळावी. घरात असा एखादा डबा आधीच आला असेल, तर पुढच्या भेटीत तो चालू औषधांच्या चिठ्ठीसह डॉक्टरांसमोर ठेवावा. काळजीवाहकांनी त्यावरून ज्येष्ठांना रागावू नये. बरे वाटावे या आशेनेच त्यांनी तो मागविलेला असतो.