नकाशावरील अंतर आणि आकाशातील वेळ

कॅनडाच्या अतिउत्तरेकडील नुनावुत प्रदेशात रेझोल्यूट आणि ग्रीस फियोर्ड या नावांच्या दोन इन्युइट वस्त्या आहेत. दोहोंपैकी एकीचीही लोकसंख्या दोनशेपर्यंत पोचत नाही आणि त्यांना जोडणारी सडक कोणत्याही दफ्तरात सापडावयाची नाही.  

मर्केटरने १५६९ साली रूढ केलेल्या पद्धतीचा जगाचा नकाशा घेऊन, विषुववृत्तावरील प्रमाणाने या दोन ठिकाणांमध्ये पट्टी धरली, तर अंतर दीड हजार किलोमीटर भरते. प्रत्यक्षात ते अवघे ३८० किलोमीटर आहे! विषुववृत्तावर रेखांशाच्या एका अंशाला १११ किलोमीटर पडतात. परंतु सर्व रेखावृत्ते ध्रुवाकडे एकवटत जात असल्यामुळे ७५-७६ अक्षांशांच्या सुमारास तोच अंश २८ किलोमीटरांचा उरतो, आणि ही वृत्ते समांतर दाखविण्याच्या हट्टापायी नकाशा तेथील प्रत्येक लांबी चौपट फुगवितो.

याहून नवलाची गोष्ट दिशेची. रेझोल्यूटहून सरळ निघालेल्या विमानाचा रोख खऱ्या उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ५४ अंश असतो, आणि वैमानिकाने विमान यत्किंचितही न वळविता तोच ग्रीस फियोर्डपाशी ६६ अंशांवर येतो. वळते ते विमान नव्हे, त्याखालची उत्तर दिशा. होकायंत्राचा आधार घ्यावा, तर चुंबकीय ध्रुवाकडील या टापूत त्याची सुई आडवी फिरण्याऐवजी जमिनीकडे झुकू पाहते. म्हणून येथे विमानांचे मार्ग चुंबकीय उत्तरेऐवजी खऱ्या उत्तरेवरून आखतात.

या मार्गाला साजेसे विमान म्हणजे दोन इंजिनांचे ट्विन ऑटर. त्याचा वेग ताशी २७५ किलोमीटर धरला, तर शांत हवेत एका खेपेस १ तास २३ मिनिटे लागतील. आता समोरून ताशी ६० किलोमीटर वेगाचा वारा असल्यास जाण्यास १ तास ४६ मिनिटे आणि तोच वारा पाठीशी घेऊन परतण्यास १ तास ८ मिनिटे लागतात. तोटा आणि नफा बरोबरीत सुटावा, अशी आपली भाबडी समजूत असते. पण बेरीज केल्यास आठ मिनिटे अधिकच खर्ची पडलेली दिसतात, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान अधिक वेळ काढते.

हा झाला कागदावरचा हिशेब. ग्रीस फियोर्डची धावपट्टी खडीची, जेमतेम अर्धा किलोमीटर लांबीची आणि डोंगरांच्या कुशीत दडलेली आहे. तिच्यावर धुके उतरलेले आढळले, तर वैमानिक विमान माघारी फिरवितो, आणि जवळजवळ तीन तासांच्या उड्डाणानंतर प्रवासी पुन्हा रेझोल्यूटलाच उतरतो.