शिंगाच्या आकारातला पेला

गेंड्याच्या शिंगात हाड नसतं. आपल्या नखा-केसांत असतं तेच केराटिन धाग्याधाग्यांनी घट्ट जमून ते वाढतं, म्हणून ते हवं तेवढं खोल कोरता येतं. म्हशीच्या शिंगाचं आवरण मात्र पोकळ आणि बेताच्या जाडीचं. गेंड्याच्या शिंगाचा म्हणून जुना चिनी पेला हाती आला की जाणकार भिंगातून आधी हे धागे शोधतात.

शिंगाचे पेले कोरण्याच्या कामाला बहर आला तो मिंग राजवटीच्या अखेरीपासून चिंग काळात, १७व्या-१८व्या शतकांत. शिंग विष ओळखतं ही समजूत मात्र फार जुनी. चौथ्या शतकातला चिनी लेखक गे होंग याच्या लेखनातही ती आहे. युरोपातल्या राजांनाही ती पटली होती. सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्यासाठी निकोलाउस प्फाफने १६११मध्ये गेंड्याच्या शिंगाचा चषक कोरला. तो आज व्हिएन्नात आहे.

चिनी कारागीर शिंग उलटं धरायचा. रुंद बूड म्हणजे पेल्याचं तोंड, निमुळतं टोक म्हणजे पाय. बुडाचा खळगा निसर्गानेच दिलेला. टोकाकडे कोरून फांद्या-मुळं काढायची, कमळाचं पान दुमडायचं, कानाच्या जागी ड्रॅगन चढवायचा. मूळच्या मधाळ रंगावर पुष्कळदा गडद रंग दिला जाई. काहींनी शिंग आडवं ठेवून तराफा केला: त्यावर हान काळातला प्रवासी झांग च्यान बसलेला, खाली पाण्याच्या लाटा. वूशीच्या यू तोंगने कोरलेला असा तराफा बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

शिंगाचा भुगा औषधातही जाई, त्यामुळे एकाच शिंगावर वैद्य आणि कारागीर दोघांचाही डोळा. गंमत म्हणजे, हाँगकाँगचे संग्राहक डॉ. यप यी पेशाने डॉक्टरच. त्यांच्या संग्रहातल्या ८१ वस्तू १९८५मध्ये बीजिंगच्या याच संग्रहालयाला मिळाल्या. डब्लिनमध्ये चेस्टर बीटी या दुसऱ्या संग्राहकाचा मोठा संग्रह आहे.

१९७७पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार गेंड्याच्या शिंगाच्या व्यापारावर बंदी आहे. चीनने १९९३मध्ये देशांतर्गत व्यापारही थांबवला. २०२१मध्ये आसाम सरकारने साठवलेली २,४७९ शिंगं जाळली: औषध म्हणून त्यांची किंमत शून्य, हे सांगण्यासाठी. जुन्या पेल्याला मात्र किंमत आहे, आणि ती कोरणाऱ्याच्या हाताची आहे. पण व्यापारावरच्या बंदीमुळे तो विकताना त्याचं वय सिद्ध करणारी कागदपत्रं लागतात.