चला, नाईलकाठच्या शिवारात

इजिप्त, म्हणजे जुन्या पुस्तकांतला मिसर देश. त्याचे नाव काढले की पिरॅमिड आणि सोन्याने मढवलेले राजे डोळ्यांपुढे येतात. मंडळी, आज राजांना जरा बाजूला ठेवू आणि लक्झर गावी गाईड बरोबर घेऊन एक दिवस दाण्याच्या मागावर हिंडू.

निघायचे ते पहाटेच, कारण तिथले ऊन लवकर चढते. लक्झर गाव नाईल नदीच्या पूर्वेला. सूर्य पश्चिमेला मावळतो, म्हणून तिथल्या जुन्या लोकांनी आपली थडगी पलीकडच्या काठाला खोदली. नावेतून उतरलात की उसाचे फड लागतात, चाऱ्याचे भारे वाहणारी गाढवे दिसतात. थोडे पुढे गेले की शेत एकदम संपते. एक पाय पिकात आणि एक वाळूत ठेवून उभे राहावे, अशी ती शीव आहे.

आपण शेतजमिनीला काळी म्हणतो ना? हे लोक आपल्या देशालाच ‘केमेत’, म्हणजे काळी, म्हणत. पलीकडचे वाळवंट ती तांबडी. ही काळी नदीने आणलेली. आपल्याकडे पावसाळा असतो त्याच दिवसांत इथिओपियाच्या डोंगरांत पाऊस कोसळतो. ते गढूळ पाणी श्रावण-भाद्रपदात इजिप्तच्या शेतांत पसरे आणि गाळ टाकून ओसरे. मग त्या ओलीवर पेरणी. १९७० साली आस्वानचे मोठे धरण पुरे झाले. आता पाणी बारमाही मिळते, पण गाळ धरणातच अडतो आणि खत विकत आणावे लागते.

वाटेत अमेनहोतेप राजाचे दोन प्रचंड दगडी पुतळे बसलेले आहेत, अठरा मीटर उंचीचे. गाईड इथे बराच वेळ बोलेल. ऐकून घ्या आणि त्याला म्हणा, आता मेन्नाच्या थडग्याकडे चल. याचे तिकीट वेगळे काढावे लागते.

हा मेन्ना सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचा, राजाच्या शेतांचा हिशेबनीस. आपला तलाठीच म्हणा. त्याच्या भिंतीवर सारा सुगीचा हंगाम रंगवला आहे आणि रंग अजून ताजे वाटतात. विळ्याने कापणी चालली आहे. खळ्यावर बैल फिरताहेत. डोक्याला फडकी बांधून माणसे उफणणी करताहेत. झाडाखाली एकाला डुलकी लागली आहे, एक बाई झोळीतले पोर सांभाळते आहे. एका पोरीच्या पायातला काटा दुसरी काढते आहे, तर आणखी दोघी एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत! हे सगळे आपल्या ओळखीचे. पण जरा वर पाहा. उभ्या पिकात दोरी धरून मोजणी चालली आहे, म्हणजे राजाचा वाटा किती ते आधीच ठरणार. जवळच एकाला काठीने बडवताहेत. मेन्नाचे स्वतःचे डोळे मात्र नंतर कोणीतरी भिंतीवरून खरवडून काढले आहेत. वैऱ्याचे काम असावे, असे जाणकार मानतात.

मोजलेला दाणा गेला कुठे? जवळच रामसेस दुसरा याच्या देवळामागे कच्च्या विटांची लांबच लांब कोठारे अजून उभी आहेत. अशा कोठारांतून राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांना पगार मिळे. नाणी नव्हतीच. महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोते जव. पोते म्हणजे सुमारे ७७ लिटरचे माप आणि गहू आपल्या खपलीच्या जातीचा.

या कारागिरांचे गाव म्हणजे देर एल-मदिना. डोंगराच्या कुशीत, एकाला एक लागून घरांचे पाये दिसतात. गावाला विहीर नव्हती, पाणी नदीवरून गाढवांवर येई. इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमारास, रामसेस तिसरा याच्या राज्यात, पगाराचे धान्य थकले. महिन्याचे अठरा दिवस गेले तरी दाणा नाही. तेव्हा कारागिरांनी हत्यारे खाली ठेवली आणि एका देवळामागे जाऊन बसले. भूक आहे, कपडा नाही, तेल नाही, मासळी-भाजी नाही, राजाला कळवा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावले. थकलेले धान्य मिळाले, पुन्हा थकले, पुन्हा ते बसले. लेखी पुरावा असलेला जगातला हा सर्वांत जुना संप. तो कागद आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे.

परतण्याआधी याच गावातल्या सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे थडगे पाहा. पायऱ्या उभ्या आहेत, वाकून उतरावे लागते. आत जेमतेम एक खोली. परलोक कसा असेल ते त्याने भिंतीवर काढून घेतले आहे: चहूकडून पाण्याचे पाट, खजुराची झाडे आणि मधे शेत. धान्यासाठी दुसऱ्याच्या कोठाराकडे डोळे लावणाऱ्या गावातला हा माणूस तिथे स्वतः दोन ठिपक्याठिपक्यांच्या जनावरांचा नांगर धरून उभा आहे. अंगात पांढरेशुभ्र कपडे. नांगरताना असे कपडे घातलेला गडी आपण तरी कधी पाहिलेला नाही! मागून बायको इय्नेफर्ती बी टाकत चालली आहे.