आनंदमेळ्यातली वही

उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात मी पुष्कळ वर्षे शिकवले. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी निघाली. तेव्हापासून कॉलेजातली पोरे खेड्यात जाऊन खड्डे खणतात, झाडे लावतात आणि खेडुतांना स्वच्छतेचे धडे देतात. (खेडूत बिचारे ऐकूनही घेतात!) २०१८ च्या दिवाळीत मात्र आमच्या मंडळींनी टूम काढली, की या खेपेस उपदेश बंद, वाडीवर आनंदमेळा भरवायचा.

वाडी कातकऱ्यांची, बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या बाजूला. खैराचा कात करणारे म्हणून कातकरी. जंगल हातचे गेले तसा तो धंदाही गेला. उल्हासनगरच्या नळाला या धरणाचे पाणी येते, हे आमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नव्हते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंध्यांच्या नातींनी बाजारात हिंडून बक्षिसे जमवली : वह्या, पेन्सिली, साबणाच्या डब्या. अंबरनाथच्या पोरांनी पत्र्याचे डबे रंगवले. पोती आणि दोरखंड बदलापूरकरांकडे होते.

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मेळा भरला. लिंबू-चमचा झाला, रस्सीखेच झाली. आमची फजिती झाली ती डब्यांच्या खेळात. डब्यांची उतरंड तीन चेंडूंत पाडायची. दहांत एखादा जिंकेल, असा आमच्या कॉमर्सवाल्यांचा हिशेब. पण गलोलीने पाखरू टिपणारी ती पोरे! अर्ध्या तासात बक्षिसांचे खोके रिकामे.

दहा-बारा वर्षांच्या एका पोराने सहा वह्या जिंकल्या. तेवढ्यात त्याची आई आली.

"गुरुजी, या वह्या घ्या नि एक पातेलं द्या. परवा ट्रक येईल. भट्टीवर वह्या कशाला?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दिवाळी सरली की ही माणसे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडाला परततात. पावसाळ्यात शेठकडून घेतलेली उचल हजार विटांमागे ठरलेल्या दराने फेडायची. पोरांची शाळा तिथेच थांबते. आम्ही खेळ मांडला होता आणि निम्मी वाडी गाठोडी बांधत होती.

आमच्या रांधपातले पातेले घासून त्या बाईला दिले. वह्या मात्र पोराने सोडल्या नाहीत.

पौषात विद्यार्थ्यांनी हट्टच धरला आणि आम्ही डबे घेऊन थेट भट्टीवर गेलो. शेठने दुपारचा एक तास दिला. चिखलाचे हात फडक्याला पुसत पोरे धावली. आमचा तो नेमबाज मात्र खेळायला न जाता वही घेऊन माझ्यापाशी आला. आत पानोपानी रोज थापलेल्या विटांचे आकडे, तारीखवार. शेठच्या चोपडीत त्यांच्या विटा कमी लागल्या होत्या.

"गुरुजी, बेरीज बघा."

मी दोनदा तपासली. बरोबर होती. त्याने वही बापाच्या हातात दिली आणि डब्यांकडे धूम ठोकली.