सोमवारी कडक झालेली पट्टी

लोखंडाला पाणी द्यायची विद्या लोहारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. लालबुंद पोलाद पाण्यात बुडवलं की ते तिथल्या तिथे कडक होतं. ॲल्युमिनियमचं तसं होईना. बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग इथल्या संशोधन केंद्रात आल्फ्रेड विल्म काडतुसांच्या पितळी पुंगळ्यांना पर्याय शोधत होता. सुमारे चार टक्के तांबं आणि चिमूटभर मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम त्याने ५०० अंशांच्या वर तापवून पाण्यात सोडलं, तर ते मऊच निघालं.

ही गोष्ट १९०६ सालची. शनिवारी कठीणता मोजायला सुरुवात झाली आणि उरलेलं काम सोमवारवर ढकललं गेलं, असं सांगतात. सोमवारी तीच पट्टी कितीतरी कडक भरली. मधल्या काळात तिला कोणी हातही लावला नव्हता. आकडा विचित्र आला म्हणून तो खोडून टाकणं सोपं होतं. विल्मने तसं केलं नाही. तो तेच पुन्हापुन्हा मोजत राहिला, आणि माझ्या मते त्याचं खरं मोठेपण यातच आहे.

१९०९ मध्ये पेटंट झालं. ड्यूरेनच्या कारखान्यात ‘ड्युरॅल्युमिन’ तयार होऊ लागलं. त्यातून झेपेलिनचे सांगाडे उभे राहिले आणि १९१९ मध्ये युंकर्सचं एफ-१३ हे संपूर्ण धातूचं प्रवासी विमान उडालं. धातू कडक का होतो, हे मात्र तोवर कोणालाच सांगता येत नव्हतं.

पहिलं पटणारं उत्तर त्याच वर्षी अमेरिकेतून आलं. मेरिका, वॉल्टनबर्ग आणि स्कॉट यांनी दाखवलं की गरम ॲल्युमिनियममध्ये बरंच तांबं विरघळतं, थंड ॲल्युमिनियममध्ये मात्र फारच कमी. झटक्यात थंड केलं की जास्तीचं तांबं आत अडकून पडतं आणि मग सावकाश, बारीक कणांच्या रूपाने वेगळं होऊ लागतं. धातू वाकतो तेव्हा त्याच्या स्फटिकांतले थर एकमेकांवरून सरकतात. हे कण त्या सरकण्याला अडवतात. १९३८ मध्ये फ्रान्समध्ये गिनिए आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, क्ष-किरणांच्या साहाय्याने या कणांची सुरुवात टिपली: अवघे एक-दोन अणू जाडीचे तांब्याचे पापुद्रे. विल्म आदल्याच वर्षी वारला होता.

कारखान्यांनी या उत्तराची वाट पाहिली नव्हती. विमानांचे काही रिव्हेट पाणी दिल्यावर थेट बर्फाळ पेटीत ठेवत, कारण थंडीत ते कडक होत नाहीत. बाहेर काढले की थोड्याच मिनिटांत ठोकावे लागत. दुसरीकडे, आपोआप मुरण्याची वाट न पाहता दीडशे-पावणेदोनशे अंशांच्या भट्टीत काही तास ठेवायची रीत पक्की झाली. तिलाच आज टी-६ म्हणतात. ६०६१ जातीचं ॲल्युमिनियम मऊ स्थितीत सुमारे १२५ मेगापास्कल ताण सोसतं. टी-६ नंतर तेच ३१० सोसतं.

भट्टीत जास्त वेळ राहिलं तर कण मोठे आणि विरळ होतात, ताकद उतरते. अनेक वर्षं ही चूकच मानली जाई. पण जस्त घातलेल्या ७०७५ जातीच्या ॲल्युमिनियमचे जाड भाग टी-६ स्थितीत, ताण आणि दमटपणा एकत्र आले की, तडकू लागले. तेव्हा अभियंत्यांनी जाणूनबुजून ताकदीचं शिखर ओलांडलं. टी-७३ नावाच्या या रीतीत दहा-पंधरा टक्के ताकद जाते, पण तडे जवळजवळ थांबतात. या सगळ्या इतिहासातला हा मला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

ही ताकद धातूत काय घातलंय एवढ्यावर ठरत नाही. आतले कण कसे बसलेत यावर ती उभी असते, म्हणून नको तिथे दिलेली उष्णता ती काढूनही घेते. ६०६१ टी-६ चा पाइप वेल्ड केला की सांध्याजवळची ताकद जवळपास निम्म्यावर येते. फॅब्रिकेशन करणाऱ्यांनी हिशेब करताना सांध्यापाशी ३१० नव्हे, १६५ मेगापास्कल धरावेत, नाहीतर वेल्डिंगनंतर पूर्ण उष्णतोपचार पुन्हा करून घ्यावा.