कुत्रे कोणाचे? : परवाना, लस आणि षष्ठीचा प्रत्यय

कुत्रा चावल्याची वार्ता आली की खामगावात पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘कुत्रे कोणाचे?’ हा. वरवर पाहता हा प्रश्न चौकशीचा किंवा तक्रारीचा वाटतो. वस्तुतः त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न दडलेले असतात : त्या कुत्र्याला लस टोचली होती काय, आणि पुढील दहा दिवस ते कोणाच्या नजरेखाली राहील? चावते वेळी कुत्र्याच्या लाळेत रोगबीज असेल, तर साधारणतः एवढ्या मुदतीत ते आजारी पडून मरते. म्हणून ही मुदत महत्त्वाची. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, तर उरलेले दोन्ही प्रश्न तसेच राहतात. कुत्र्यांचे अल्पखर्ची लसीकरण व परवाना या विषयाचा विचार प्रस्तुत लेखात याच प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचा आहे.

प्रथम कायद्याची भाषा पाहू. वऱ्हाडातील नगरपालिकांचा कारभार पूर्वी मध्यप्रांत व वऱ्हाड नगरपालिका अधिनियम, १९२२ अन्वये चाले. पुढे त्याची जागा महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने घेतली. नगरपरिषदेला जे ऐच्छिक कर बसविता येतात, त्यांत कुत्र्यांवरील कराचाही अंतर्भाव होतो. म्हणजे या व्यवस्थेत कुत्र्याचा प्रवेश मूलतः करपात्र वस्तू म्हणून झाला. केंद्र शासनाच्या २००१ च्या प्राणी जन्म नियंत्रण (कुत्रे) नियमांनी कुत्र्यांचे दोन वर्ग केले, पाळीव व रस्त्यावरील. आणि पाळीव कुत्र्याचे लसीकरण, निर्बीजीकरण व परवाना ही मालकाची जबाबदारी ठरविली. २०२३ च्या नव्या नियमांत रस्त्यावरील कुत्र्यांचा समावेश ‘सामुदायिक प्राणी’ या संज्ञेत होऊ लागला.

लोकभाषेतील वर्गीकरण याहून सूक्ष्म आहे. ‘आमचे कुत्रे’ आणि ‘मोकाट कुत्रे’ या दोन टोकांच्या मध्ये ‘दारचे कुत्रे’ व ‘गल्लीतले कुत्रे’ असतात. दारच्या कुत्र्याला भाकर तीन घरची मिळते. त्याचे मोत्या किंवा वाघ्या हे नाव साऱ्या गल्लीला ठाऊक असते. परंतु त्याच्या गळ्यात पट्टा कोणी बांधीत नाही. येथे षष्ठीचा ‘चे’ हा प्रत्यय व्यक्तीला न लागता स्थळाला लागला आहे. परवान्याच्या अर्जात मात्र मालकाच्या नावाचा रकाना असतो, दाराचा नसतो. त्यामुळे हे कुत्रे अर्जाबाहेर राहते, आणि बहुधा लसीच्याही बाहेर राहते.

‘परवाना’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ रोख आज्ञापत्राकडे आहे. त्यामुळे सरकारकडून कुत्रे पाळण्याची मुभा विकत घ्यावयाची, अशी नागरिकाची समजूत होते. प्रत्यक्षात परवाना ही एक नोंद आहे : हे कुत्रे अमक्याचे, त्याला अमुक तारखेस लस दिली. ‘लस’ या शब्दाची कथा वेगळी. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवाचे हे नाव देवीच्या टोचणीमुळे औषधाला मिळाले व तेथेच स्थिरावले.

पाण्याची भीती दिसू लागली की रोगी वाचत नाही, हे निरीक्षण सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातही आढळते. लक्षणे उमटल्यावर हा रोग आजही जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका मुलास लस टोचली आणि माणसाच्या बचावाचा मार्ग खुला झाला. तथापि रोगाचे मूळ कुत्र्यांत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाला होणारा हा रोग सुमारे ९९ टक्के प्रसंगी कुत्र्यापासून होतो, आणि सुमारे ७० टक्के कुत्र्यांना नियमित लस मिळाल्यास प्रसाराची साखळी तुटते. २८ सप्टेंबर २०२१ रोजी जाहीर झालेल्या भारताच्या राष्ट्रीय कृतियोजनेनेही २०३० हे उद्दिष्टवर्ष याच आधारावर ठरविले आहे.

फीचा प्रश्न येथे येतो. लसीचा खर्च मालक करतो. तिचा लाभ मात्र गल्लीतल्या प्रत्येक मुलाला होतो. अशा वेळी फी जड केली, तर कुत्र्यांची संख्या घटत नाही, मालकांची घटते. वसुलीसाठी माणूस दारात उभा राहिला की काल ‘आमचे’ असलेले कुत्रे आज ‘आमचं नाही, असंच येते ते’ या वाक्यात जाऊन बसते. एका प्रत्ययाच्या लोपाने एक कुत्रे लसीकरणातून गळते आणि सत्तर टक्क्यांची मर्यादा तेवढी दूर जाते.

मालकीची खूण दुर्लक्षिली की काय घडते, याचा दाखला मुंबईच्या इतिहासात आहे. १८३२ साली तेथे मोकाट कुत्री मारण्याबद्दल बक्षीस दिले जात होते. मारेकऱ्यांनी घरची कुत्रीही ओढून नेली, आणि जून महिन्यात पारशी समाजाच्या नेतृत्वाखाली दंगल उसळली. ‘कोणाचे?’ या प्रश्नाचा निकाल तेथे दंडुक्याने लागत होता.

खामगावची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ९४ हजार होती. एवढ्या नगरात गल्लीगणिक लसीकरण अशक्य नाही. मात्र क्रम उलटावयास हवा : आधी लस, आणि तिच्याबरोबरच नाममात्र फीत वा विनामूल्य परवाना व बिल्ला. अर्जात ‘मालक’ या रकान्याशेजारी ‘खाऊ घालणारे घर’ असा आणखी एक रकाना असावा. त्या घरावर मालकीचा भार न टाकताही दारच्या कुत्र्याची नोंद होईल, आणि पुढील वर्षी लस टोचणाऱ्यास कोठे जावयाचे ते कळेल.

ही व्यवस्था उभी राहीपर्यंत, आणि राहिल्यावरही, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कुत्रा चावल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि तत्काळ दवाखाना गाठावा. कुत्रे कोणाचे, याचा शोध त्यानंतर घ्यावा.