निवड फलक : उद्दिष्ट एक, वाटा अनेक

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील निवासी शाळांत मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगढी अथवा बंगाली बोलणाऱ्या घरांतील मुले येतात. धडा सर्वांना एकच आणि उत्तराची रीतही एकच, ती म्हणजे लेखी मराठी. घरी दुसरी भाषा बोलणारे मूल उत्तर ठाऊक असूनही गप्प राहते आणि त्या मौनालाच आपण ‘कच्चे’ म्हणतो. हा अन्याय कमी करणारे एक साधे साधन म्हणजे निवड फलक.

फुली-गोळ्याच्या खेळाप्रमाणे फळ्यावर नऊ घरे आखावीत व प्रत्येकात एक कृती लिहावी. मधले घर सर्वांना सक्तीचे. त्या घरातून जाणाऱ्या आडव्या, उभ्या व दोन तिरप्या अशा चार रेषांपैकी एक विद्यार्थ्याने निवडावी आणि तिच्यावरील तिन्ही कृती पूर्ण कराव्यात.

पाचवीतील गुणाकाराचे उदाहरण घेऊ. आपल्याकडे तेंदूपत्त्याचे पुडके ७० पानांचे असते आणि १००० पुडक्यांची एक स्टँडर्ड बॅग धरतात. एका बॅगेत पाने किती, हे मधल्या घरात रीतीसह लिहायचे. उत्तर ७०,००० येते. भोवतालच्या घरांत चिंचोक्यांचे समान गट मांडणे, चित्र काढणे, घरच्या भाषेत मित्राला समजावून तेच मराठीत सांगणे, नवे शाब्दिक उदाहरण रचणे, वसतिगृहाच्या आठवड्याच्या तांदळाचा हिशेब करणे अशा कृती असाव्यात. आईसोबत पाने तोडायला गेलेली मुलगी येथे इतरांना शिकवू लागते. जे ज्ञान तिने शाळेबाहेर ठेवले होते, ते वर्गात येते.

मात्र निवड म्हणजे सूट नव्हे. मधले घर सक्तीचे नसेल, तर लेखनाला बिचकणारे मूल वर्षभर चित्रेच काढील व परीक्षेत मागे पडेल. म्हणून कोणी काय निवडले याची नोंद शिक्षकाने ठेवावी, टाळलेली कृती पुढील फलकावर मधल्या घरात आणावी आणि गुणाकार समजला की नाही, ही एकच कसोटी सर्वांना लावावी. यात शिक्षकाचे श्रम वाढतात, हे मान्य केले पाहिजे. प्रारंभी महिन्यातून एक फलक पुरे.

मुलांनी कृती व शोध यांतून शिकावे आणि शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून व्हावे, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ सांगते. ते वर्गात उतरविण्यास खडू आणि फळा एवढे साहित्यही पुरते.

माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शेतीतील, दुकानातील वा कचेरीतील खरे हिशेब शाळेला कळवावेत. त्यांतून नवी घरे भरतील. पालकांना विनंती एवढीच, की सुटीत मूल घरी आले म्हणजे ‘गुण किती?’ याच्या आधी ‘काय निवडलेस आणि का?’ असे विचारावे, आणि तेही आपल्या घरच्या भाषेत.